बिनमिठाची कलेजी

"नारळ आत फोडायचा नाही, खराडे," उपाध्ये मॅडम म्हणाल्या. "बाहेर पायरीवर फोडा आणि हात धुऊन या."

दाजी नारळ घेऊन निमूट बाहेर गेले. त्यांच्या नव्या मशीनला घरीच हळदकुंकू लागलं होतं. झेंडूची एक पाकळी हँडलला चिकटून आली होती, ती मी हळूच काढून खिशात टाकली. पण साठयेनं बघितलंच. साठये माझ्याबरोबर उपाध्ये मॅडमच्या हाताखाली सर्जरी शिकत होता. पुण्याचा, हुशार, आणि चष्म्यावरून बघत हसायची त्याला खोड. तो हसला आणि माझे कान गरम झाले.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, मालनअक्काचे मालक. आई-वडील गेल्यावर अक्कानं मला मिरजेला आपल्याकडं आणलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. मला डॉक्टर करायचं खूळही तिचंच. दाजींचं कुपवाडला वर्कशॉप. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं कुठंही मशीन बंद पडलं की निवृत्ती खराडेंना निरोप जायचा. माणूस मोठ्या आवाजाचा, बढाईखोर म्हणावा असा. "परदेशातनं आलं म्हणून काय झालं, स्क्रू तर चारच हाईत," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

तर एकदा ते आमच्या खात्यात काहीतरी दुरुस्त करत बसले असताना उपाध्ये मॅडम एका म्हातारीला समजावत होत्या. लिव्हरमध्ये गाठ होती. कापून काढता येण्यासारखी नव्हती. अशा गाठीत सुई घालतात, सुईतून वीज सोडतात आणि सुईभोवतीचा भाग आतल्या आत शिजून मरतो. पण ते मशीन आमच्याकडं नव्हतं, मुंबईला होतं. मॅडमनी पत्ता लिहून दिला. म्हातारीनं तो कनवटीला लावला आणि लेकाला म्हणाली, "चल, गावाकडं जाऊ." दाजींनी ते ऐकलं. घरी येऊन अक्काला म्हणाले, "ह्ये मशीन मी करतो." आणि त्या नादाला लागून त्यांनी बाकी सगळी कामं मागं टाकली.

मशीन तयार झाल्यावर मॅडमनी एकच अट घातली. "आधी खाटकाकडच्या कलेजीवर दाखवा. बाहेरचं मशीन एक दिवस मागवून घेते. एकाच कलेजीवर दोन्ही चालवायची. सुईच्या रेषेत कापायचं आणि जळालेला पांढरा डाग मोजायचा. तुमचा डाग त्यांच्याइतका आला तर मी तुमचं मशीन पुढच्या तपासण्यांना पाठवीन, माझी सही घालून. नाही आला तर घरी घेऊन जायचं. वाद घालायचा नाही."

"न्हाई घालणार," दाजी म्हणाले होते.

त्या शनिवारी मी सकाळीच बोकडाच्या ताज्या कलेज्या आणून मुठीएवढे तुकडे केले. बाहेरच्या मशीनच्या कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. त्याच्या सुईच्या आतून गार पाणी फिरायचं, त्यामुळं कड करपायची नाही. त्यानं मशीन लावलं, थोड्या वेळानं सुई काढली, मॅडमनी कापलं. आत पांढरा गोल डाग, अगदी नीटनेटका. असे बरेच डाग झाले. दाजी प्रत्येक वेळी पुढं वाकून बघायचे आणि मागं व्हायचे.

मग त्यांची पाळी आली. बटण दाबलं, मशीन घरघरलं, आणि जोडणीपाशी वायर जळाली. खोलीत रबराचा वास पसरला.

"उदबत्ती राहिली वाटतं लावायची," साठये म्हणाला.

कंपनीच्या माणसाला संध्याकाळी हुबळीला पोचायचं होतं. तो सामान आवरून निघून गेला. दाजी जळकी वायर हातात धरून उभे होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"उद्या सकाळी या," मॅडम म्हणाल्या. "निम्मे तुकडे उरलेत. त्याच कलेजीवर तुमचं होऊ दे, म्हणजे कुणाची तक्रार नको."

तुकडे ठेवायचे कुठं हा प्रश्न आला. औषधांच्या फ्रीजपाशी सिस्टर ग्रेसी आडव्या उभ्या राहिल्या. "डॉक्टर, इथं मटण येणार नाही. काय बोलायचं ते मॅडमशी बोला." मी कशाला बोलतोय. डबा घेतला आणि घरी येऊन अक्काच्या हातात दिला. "उद्या मशीनला लागायची आहे. फ्रीजमध्ये ठेव," एवढंच म्हणालो आणि दाजींना मदत करायला वर्कशॉपला पळालो.

रविवारी मशीन चाललं. नुसतं चाललं नाही, पळालं. मॅडमनी पहिला तुकडा कापला आणि पुन्हा खाली वाकून बघितलं. पांढरा डाग कंपनीच्या डागापेक्षा मोठा होता. दुसरा तसाच. तिसरा तसाच. दाजींनी वर्कशॉपमधून स्वतःचा व्हर्निअर आणला होता, त्यानं साठयेनं मोजलं, मग मॅडमनी मोजलं, मग साठयेनं चष्मा पुसून परत मोजलं.

"सुईत पाणी नाही, काही नाही, तरी एवढा?" मॅडम म्हणाल्या. "खराडे, मला हे अपेक्षित नव्हतं. खरं सांगते."

"मॅडम, स्क्रू चारच हाईत," दाजी म्हणाले. आणि व्हर्निअर शर्टाला पुसू लागले.

मी मात्र मोठ्यांदा बोलत सुटलो. साठयेच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "काय रे, उदबत्ती लागली का?" माझे दाजी, माझे दाजी असं मी त्या सकाळी किती वेळा म्हणालो कुणास ठाऊक. आदल्या दिवशी एकदाही म्हणालो नव्हतो. दाजींनी पेढे आणले. सिस्टर ग्रेसींना दिले, गेटवरच्या वॉचमनला हाक मारून दिला, सायकल स्टँडवाल्यालाही दिला.

संध्याकाळी अक्कानं मटण केलं होतं. दाजी बाहेर कट्ट्यावर शेजाऱ्यांना मशीनची गोष्ट सांगत होते. मी आत चुलीपाशी पाट घेऊन बसलो. अक्का भाकरी थापत होती. तिचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं.

"मग? तुमच्या मॅडमना वास-बीस न्हाई न्हवं आला?" तिनं विचारलं.

"कसला वास?"

"कलेजीचा. शिळी झाली की उग्र मारतीया. मॅडम पडल्या जैन, त्यांना कसं सोसायचं? म्हणून रातभर मिठाच्या पाण्यात ठिवली हुती मी. सकाळी तू उठायच्या आत स्वच्छ धुऊन पुसून डब्यात भरली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बघ, कुणाला पत्ता तरी लागला का."

मिठाच्या पाण्यातून वीज सहज धावते, हे शाळेतलं पोरही सांगेल. कलेजी रात्रभर मीठ प्यालेली. म्हणजे साध्या कलेजीत जे मशीन कदाचित अडलं असतं ते तिच्यात धावलं होतं. पांढरा डाग मशीननं मोठा केला नव्हता, मिठानं केला होता.

"काय झालं रं? भाकरी वाढू का?"

"वाढ," मी म्हणालो. जेवलो कसा ते आठवत नाही.

शेजारी गेल्यावर मी कट्ट्यावर दाजींच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं. पुढचं समजावून द्यायची गरजच पडली नाही. त्यांच्या हातात पेढ्यांचा रिकामा पुडा होता, त्याची घडी घालत ते बसून राहिले.

"म्हंजी मशीन न्हाई जिंकलं," ते म्हणाले.

"साध्या कलेजीवरही जिंकेल कदाचित."

"कदाचित." त्यांनी पुडा खिशात घातला. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

कुणी विचारलं नाही तर कुणाला कळणार, हे माझ्या मनात आलं होतं, आणि त्यांच्याही आलं असणार. मग तेच म्हणाले, "मॅडम ह्यो आकडा धरून माणसाची गाठ जाळायला बघणार. माणसाच्या लिव्हरमधी मीठ कोण घालणार? कड जळायची राहील. गाठ परत येईल."

"होय."

"मग सकाळी जाऊन सांग. पण मालनला न्हाई सांगायचं, पाव्हणं. तिला कळलं तर ती अन्न सोडंल. मशीन माझं हाय. हारलं तर माझं हारलं. तिचं नाव त्यात आणू नगंस."

मी शब्द दिला.

सोमवारी मॅडमच्या खोलीत गेलो तर साठये तिथंच बसलेला. थांबावं म्हटलं, तर धीर गेला असता. तसाच उभा राहून बोललो. "मॅडम, कालचे डाग धरू नका. तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात होते. आमच्याकडं, म्हणजे घरी बहिणीनं... वास येऊ नये म्हणून." बहिणीचं नाव यायला नको होतं, ते तोंडातून निसटलंच.

साठयेला हसू आवरेना. "म्हणजे मॅरिनेट केली होती? लिंबू-बिंबू?"

"साठये, बाहेर जा," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "सांगितलंस ते बरं केलंस. बुधवारी पुन्हा करू. ताजी कलेजी, इथंच आणायची, इथंच वापरायची."

त्यांनी एक शब्द वाकडा काढला नाही. तरी त्या खोलीतून बाहेर पडताना मला जी लाज वाटली ती प्रयोग चुकला म्हणून नव्हती. लाज वाटली ती आमच्या स्वयंपाकघराची. कलेजी म्हटली की जिला आधी मीठ आठवतं अशा माझ्या अक्काची. ज्या हातचं खाऊन मी त्या खोलीपर्यंत पोचलो त्याच हाताची. दुपारपर्यंत गोष्ट दवाखानाभर झाली होती. कँटीनवाल्यानं माझ्यापुढं ताटाआधी मीठदाणी आणून ठेवली आणि सगळं टेबल हसलं.

बुधवारी दाजींनी नारळ आणला नाही. मी ताजी कलेजी आणली. आम्ही मांडामांड करत होतो तेवढ्यात दारात अक्का. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात भला मोठा डबा. घरी सांगितलं होतं की मॅडमना अजून एकदा बघायचंय. तिला वाटलं, आता पसंतीच व्हायची, मग तोंड गोड, नव्हे तिखट करायला नको का.

"तू कशाला आलीस?" मी म्हणालो. जरा खेकसलोच.

"जेवणाची येळ हाय. उपाशी पोटी कसली मशीनं चालवताय?"

मॅडमसाठी तिनं वेगळ्या डब्यात थालीपीठ आणलं होतं. बाकीच्यांना कलेजी, तव्यावर परतलेली. डबा उघडला तसा खोलीभर खमंग वास सुटला. साठयेनं एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ताई, ही किती वेळ ठेवली होती मिठाच्या पाण्यात?"

सिस्टर ग्रेसी खुसखुसल्या. दाजी वायर जोडत होते ते तसेच पाठमोरे राहिले. मी मान खाली घातली. डब्याच्या झाकणाकडं बघत राहिलो.

"रातभर," अक्का हसत म्हणाली. "आवडली का? घ्या की अजून, लाजू नगा."

तिनं सगळ्यांना वाढलं. मॅडमच्या हातात थालीपीठ दिलं. स्वतः बसली नाही. "धुणं राहिलंय," म्हणाली आणि लगेच निघाली. तिला सोडायला गेटपर्यंतसुद्धा मी गेलो नाही.

दुपारी मशीन चाललं आणि हरलं. सुईभोवती कलेजी करपून काळी व्हायची, त्या काळ्या थरापुढं वीज जायची नाही, मशीन आपोआप बंद पडायचं. कापलं की बोराएवढा डाग. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच. शेवटी दाजींनीच स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

"अजून नाही, खराडे," मॅडम म्हणाल्या.

"वाद न्हाई घालत," दाजी म्हणाले.

घरी आलो तर अक्का दारातच उभी होती. दाजींनी चपला काढल्या आणि म्हणाले, "आज माझाच हात हुकला, मालन." ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. पाय धुवा, जेवून घ्या."

दाजींनी पुढं वर्ष दोन वर्षं त्या मशीनमागं घालवली. पाणी फिरणारी सुई काही त्यांना जमली नाही. मग मिरजेतही बाहेरची मशीनं आली. दाजींचं मशीन घरी कोपऱ्यात, अक्काच्या जुन्या लुगड्याखाली झाकून राहिलं, आणि दाजी पुन्हा दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करू लागले. पण स्क्रू चारच हाईत, हे मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही.

मी सांगलीला दवाखाना टाकला, लग्न केलं. अक्काकडं जेवायला जाणं होतंच. कधीतरी कलेजी असायची, आणि ती दर वेळी अळणी असायची. बाकी सगळं चोख, मटणाच्या रश्शाला मीठ बरोबर, भाजीला बरोबर, पण कलेजीला नाही. दाजी काही न बोलता वरून मीठ घ्यायचे आणि खायचे. आम्ही म्हणायचो, अक्काचं वय झालं. मी एकदा ब्लडप्रेशरवरून तिचं कौतुकही केलं होतं, की बरं करतेस, मीठ कमी घालतेस. ती नुसती हसली.

गेल्या साली दाजींना जाऊन वर्ष झालं. त्यानंतरच्या रविवारी अक्कानं आम्हाला दोघांना जेवायला बोलावलं. दाजींना आवडायची म्हणून कलेजी केली होती. माझ्या बायकोनं, तेजस्विनीनं, पहिला घास घेतला आणि सहज म्हणाली, "वन्सं, मीठ राहिलं वाटतं."

"राहिलं न्हाई. कलेजीला घालत न्हाई मी मीठ," अक्का म्हणाली. "एकदा घातलं आन् त्यानं ह्यांचं मशीन खाल्लं. बास झालं तेवढं."

मी घास ताटात ठेवला. "मशीन खाल्लं म्हणजे?"

"आता ते न्हाईत, आता बोलाय काय हरकत हाय. मिठाच्या पाण्यानं त्यांच्या सुया खाल्ल्या न्हवं? रविवारी ते मशीन कसं पळालं, मला काय ठावं न्हाई व्हय? त्याच सुया मिठात भिजल्या आन् बुधवारी बसल्या. मीठ लोखंड खातंय, ते वर्कशॉपवाल्याच्या बायकूला कुणी शिकवाय लागत न्हाई."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्या चष्मेवाल्या डाक्टरनं इचारलं, ती नर्स हसली. आन् तू मान खाली घातलीस." अक्का शांतपणे भाकरी मोडत होती. "माझ्याकडं बघितलंच न्हाईस तू. तवाच म्हणलं, मालन, तुझ्या हातनं काहीतरी लई वंगाळ झालंया. सांजच्याला ते आले, तर म्हणाले माझाच हात हुकला. कधी बोल लावला न्हाई त्या माणसानं मला. मग मी बी कळलं न्हाई असंच दाखवत ऱ्हायले. त्यांना तेवढंच बरं वाटायचं."

दाजींनी तिला वाचवायला तोंड मिटलं होतं. तिनं दाजींना वाचवायला मिटलं होतं. आणि मी, दोघांच्या मध्ये बसलेला शिकलेला डॉक्टर, मला सगळं ठाऊक असून मी एवढी वर्षं त्या घरात अळणी कलेजी खात ब्लडप्रेशरवरून तिचं कौतुक करत होतो. तिला एका वाक्यात मोकळं करता आलं असतं. आता करायचं तर दाजींच्या फोटोसमोर सांगायला हवं होतं की मशीनच कमी पडलं.

"अक्का," मी म्हणालो, "मिठानं मशीन खाल्लं नाही. सुयांना काहीही झालं नव्हतं."

"मग?"

"रविवारी ते मिठामुळंच पळालं होतं. मिठातून वीज जास्त धावते. साध्या कलेजीवर ते चालतच नव्हतं. मशीन अजून तयार नव्हतं, अक्का. तुझ्यामुळं काही हरलं नाही."

तेजस्विनी माझ्याकडं बघत राहिली. अक्कानं फोटोकडं बघितलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हंजी माझ्या मिठानं हारलं न्हाई," ती म्हणाली.

"नाही. मिठानंच जिंकलं होतं."

"ह्यांना ठावं हुतं?"

"हो. त्याच रविवारी रात्री कळलं होतं."

ती पुन्हा फोटोकडं वळली. मग म्हणाली, "त्या रविवारी वॉचमनला बी हाक मारून पेढा दिला हुता त्यांनी."

"हो. सायकल स्टँडवाल्यालाही."

"जन्मात त्यांना असं नाचताना बघितलं न्हवतं मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग त्यो एक दिवस तरी माझ्या मिठाचा म्हणायचा."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, फळीवरची मिठाची बरणी घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. "घे. अळणी कशाला खातूस?"

मी चिमूटभर मीठ घेतलं आणि कलेजीवर टाकलं. ती समोरच उभी होती.

"वर बघ की रं आता," अक्का म्हणाली.

मला वर बघता आलं नाही.